वाचकांचे प्रश्न : ग्राफ डेटाबेसमधली वेळ

या खेपेला आलेली बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. ग्राफ डेटाबेसमध्ये (माहिती नोड म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातली नाती अशी ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये) साठवलेली वेळ वेब एपीआयवरून, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला इंटरनेटवरून विचारायच्या सोयीतून, विचारली, की उत्तर उशिरा येतं, चुकीचं येतं किंवा येतच नाही. सगळ्या पत्रांत डेटाबेस निओफोरजे आहे, म्हणून उत्तरंही त्याच्याच भाषेत, म्हणजे सायफरमध्ये. क्वेरीतले, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातले, शब्द छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे.

निपाणीहून एका वाचकाचा प्रश्न : दूध संस्थांचं संकलन, कूलर, टँकर आणि डेअरी अशी साखळी आम्ही ग्राफमध्ये मांडली आहे. प्रत्येक नोंदीची वेळ "१५/०६/२०२४ ०५:१२" अशी मजकूर म्हणून साठवली आहे. या वेळेवर इंडेक्सही (पटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची) आहे. तरी "१५ जून ते २ जुलै" असं विचारलं की एकही नोंद येत नाही. असं का?

उत्तर : मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. "०२/०७/२०२४" ची सुरुवात शून्याने आणि "१५/०६/२०२४" ची एकने, म्हणून डेटाबेसच्या लेखी २ जुलै ही १५ जूनच्या आधी येते. सुरुवातीपेक्षा शेवटच लहान असेल, तर त्या पट्ट्यात काय सापडणार? इंडेक्स आपलं काम चोख करतो आहे, फक्त तो चुकीच्या क्रमाने लावलेला आहे.

वर्ष-महिना-दिवस असा क्रम घेतला तर मजकूरही बरा चालतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. "२०२४-६-५" असं शून्य गाळलेलं एक मूल्य घुसलं की क्रम मोडतो. काही नोंदी पूर्ण सेकंदाच्या आणि काही अपूर्णांकाच्या असतील, तरी मोडतो. "००.५००झेड" हे "००झेड" च्या आधी लागतं, कारण संगणकाच्या अक्षरक्रमात टिंब हे झेडच्या आधी आहे. (शेवटचा झेड म्हणजे वेळ यूटीसीत, जगाच्या प्रमाण वेळेत, आहे.) आवृत्ती ३.४ पासून निओफोरजेत वेळेचे खरे प्रकार आहेत. त्यातला डेटटाइम वापरा.

बदल असा करा. जुन्या गुणधर्माला हात लावू नका, नोंदीला 'क्षण' नावाचा नवा गुणधर्म द्या. आधी रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राने) साच्यात न बसणाऱ्या नोंदी वेगळ्या काढून त्यांना 'तपासणी' असं लेबल, म्हणजे नोडच्या प्रकाराचं नाव, लावा. "१५/६/२४" किंवा "सायं. ६.१५" अशा नोंदी निघतीलच, त्या हातानेच सुधाराव्या लागतात. उरलेल्यांचे स्प्लिटने तुकडे करा, टूइंटिजरने त्यांचे आकडे करा आणि डेटटाइमला वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि टाइमझोन "+०५:३०" असे भाग द्या. मग तोच क्षण "+००:००" मध्ये बदलून साठवा. ही शेवटची पायरी टाळू नका. एकच क्षण दोन वेगळ्या ऑफसेटांत (यूटीसीपासूनच्या फरकांत) साठवला, तर निओफोरजे ती दोन मूल्यं समान मानत नाही. अर्ध्या नोंदी +०५:३० मध्ये आणि अर्ध्या यूटीसीत राहिल्या, तर बरोबरीच्या तुलनेत गफलत होते.

लाखो नोंदी असतील तर सगळं एका व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) करू नका, मेमरी संपेल. ४.४ पासून 'कॉल … इन ट्रान्झॅक्शन्स ऑफ १०००० रोज' ही सोय आहे. निओफोरजे ब्राउझरमधून चालवताना क्वेरीआधी ':ऑटो' लिहायला विसरू नका. सगळं भरून झालं की इंडेक्स बांधा: क्रिएट इंडेक्स नोंद_क्षण फॉर (न:नोंद) ऑन (न.क्षण). भरतानाच इंडेक्स असेल तर प्रत्येक लेखनाबरोबर तोही हलतो आणि काम लांबतं.

तुमच्या धंद्यात आणखी एक खाच आहे. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, नेमकी सकाळच्या संकलनाची वेळ. यूटीसी वेळेतून तारीख कापून बेरीज केली, तर ५:१२ ला घातलेलं दूध आदल्या दिवशी जाईल, ५:४५ चं आजच्या दिवशी, आणि एकाच पाळीचे दोन तुकडे पडतील. म्हणून दिवसाच्या सीमा भारतीय वेळेत ठरवा. १५ जून म्हणजे "२०२४-०६-१५टी००:००+०५:३०" पासून "२०२४-०६-१६टी००:००+०५:३०" च्या आधीपर्यंत. यूटीसीत हाच पट्टा १४ जूनच्या १८:३० ला सुरू होतो. खालची सीमा 'मोठी किंवा समान' आणि वरची 'लहान' असू द्या. वरची सीमा २३:५९:५९ ठेवून 'लहान किंवा समान' म्हटलं, तर त्या शेवटच्या सेकंदातल्या अपूर्णांकाच्या नोंदी गळतात.

संस्थेच्या रजिस्टरवरची तारीख आणि पाळी मात्र 'दिवस' आणि 'पाळी' असे स्वतंत्र गुणधर्म करून ठेवा. गवळ्याचं बिल त्यांवर निघतं. उशिरा आलेला कॅन कुठल्या पाळीत धरायचा हे संस्था ठरवते, घड्याळ नाही.

चिकोडीहून : वेळेच्या पट्ट्याची क्वेरी निओफोरजे ब्राउझरमध्ये बरोबर चालते. मोबाइल अ‍ॅपमधून आमच्या वेब सेवेमार्फत पाठवली की रिकामी यादी येते, आणि स्टेटस मात्र २००, म्हणजे 'सगळं ठीक'. चूक कुठे शोधायची?

उत्तर : आधी पत्त्यात शोधा. वेळ पत्त्याच्या प्रश्नचिन्हापुढच्या भागात पाठवत असाल, तर "+०५:३०" मधलं अधिक चिन्ह सर्व्हरवर पोहोचेपर्यंत मोकळी जागा होतं. पत्त्याच्या त्या भागात अधिक चिन्हाचा अर्थच मोकळी जागा असा आहे. मग वेळ वाचताच येत नाही, आणि मधल्या सेवेने ती चूक गिळून रिकामी यादी पुढे सरकवली की हातात काहीच लागत नाही. अधिक चिन्हाऐवजी "%२बी" पाठवा, किंवा अ‍ॅपमध्येच वेळ यूटीसीत बदलून शेवटी झेड लावा. सगळ्यात सोपं म्हणजे गेट (माहिती पत्त्यातून पाठवायची पद्धत) सोडून पोस्टने, म्हणजे विनंतीच्या आतून, जेसन या मजकुरी साच्यात पाठवणं. तिथं अधिक चिन्ह जसंच्या तसं राहतं.

दुसरी जागा म्हणजे उत्तरातली 'एरर्स' ही यादी. निओफोरजेच्या व्यवहार एपीआयमध्ये ('टीएक्स' आणि 'कमिट' असलेला पत्ता) क्वेरी फसली तरी एचटीटीपी स्टेटस २०० असू शकतो. चूक या यादीत लिहिलेली असते. तुमच्या सेवेने फक्त स्टेटस पाहिला, तर तिला सगळं आलबेलच दिसणार. प्रत्येक उत्तरात ही यादी रिकामी आहे ना, हे आधी तपासा, निकाल नंतर वाचा.

तिसरी जागा फसवी आहे, कारण तिथं चूक म्हणून काहीच दिसत नाही. जेसनमध्ये तारखेचा प्रकार नाही, असतात ते मजकूर आणि आकडे. तुम्ही पाठवलेली सुरुवातीची वेळ, खालच्या क्वेरीतली '$पासून', डेटाबेसपर्यंत मजकूर म्हणूनच जाते. डेटटाइम आणि मजकूर यांच्यात लहान-मोठेपणा पाहिला, तर सायफर तक्रार न करता 'नल', म्हणजे 'माहीत नाही', देतं, आणि व्हेअरमध्ये (अटीच्या भागात) नल आलेली ओळ गळते. म्हणून क्वेरी अशी लिहा:

मॅच (न:नोंद) व्हेअर न.क्षण >= डेटटाइम($पासून) अँड न.क्षण < डेटटाइम($पर्यंत) रिटर्न न

इथं डेटटाइम हे फलन बाहेरून आलेल्या मूल्यावर आहे, साठवलेल्या गुणधर्मावर नाही. त्यामुळे इंडेक्स वापरला जातो. नव्या क्वेरी एपीआयमध्ये टाइप्ड जेसन वापरून मूल्याबरोबर त्याचा प्रकारही पाठवता येतो, पण मोबाइल अ‍ॅपसाठी वरचा मार्ग पुरेसा आहे. वेळ चिकटवून क्वेरीचा मजकूर तयार करण्याची सवय असेल तर ती सोडा. तसं केलं की प्रत्येक विनंतीला क्वेरी कशी चालवायची याची नवी योजना आखावी लागते, आणि पत्त्यातून कुणी भलतीच क्वेरी घुसवायचं दारही उघडं राहतं.

वेळ आकड्यांत पाठवत असाल, तर अंक मोजा. आजच्या काळात सेकंद १० अंकी, मिलिसेकंद १३ अंकी आणि नॅनोसेकंद १९ अंकी असतात. उदाहरणार्थ, १७०००००००० सेकंद म्हणून वाचलं तर १५ नोव्हेंबर २०२३ ची पहाट येते, आणि मिलिसेकंद म्हणून वाचलं तर २० जानेवारी १९७०. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके राहत नाहीत. म्हणून नॅनोसेकंद आकडा म्हणून पाठवू नका, शेवटचे अंक बदलतात.

खानापूरहून : इंडेक्स बांधला आहे, नावही दिसतं, तरी एका दिवसाच्या नोंदी काढायला क्वेरी सगळा डेटा चाळते.

उत्तर : क्वेरीआधी 'प्रोफाइल' लिहून चालवा आणि योजनेच्या अगदी सुरुवातीची पायरी बघा. 'नोडइंडेक्ससीकबायरेंज' दिसलं तर इंडेक्स लागला. 'नोडबायलेबलस्कॅन' दिसलं तर लागला नाही. कारण बहुतेक वेळा एकच निघतं: व्हेअरमध्ये डेट(न.क्षण) = डेट($दिवस) असं लिहिलेलं असतं. इंडेक्समध्ये क्षण आहेत, क्षणांतून काढलेल्या तारखा नाहीत. प्रत्येक नोंदीवर फलन चालवल्याशिवाय डेटाबेसला उत्तर कळत नाही, म्हणून तो सगळं चाळतो. दिवसाच्या दोन सीमा देऊन पट्टा विचारा.

फलन नसेल, तर 'शो इंडेक्सेस' चालवा. स्थिती 'पॉप्युलेटिंग' असेल तर इंडेक्स अजून भरतो आहे, 'ऑनलाइन' होईपर्यंत थांबा. क्वेरीत लेबल गाळलं असेल, म्हणजे (न:नोंद) ऐवजी नुसतं (न) असेल, तरी इंडेक्स लागत नाही, कारण तो त्या लेबलापुरता बांधलेला आहे.

संस्था आणि वेळ दोन्हींवर एकत्र विचारत असाल, तर जोड-इंडेक्स बांधा, पण क्रम सांभाळा. बरोबरीने विचारायचा गुणधर्म आधी आणि पट्ट्याने विचारायचा नंतर, म्हणजे (न.संस्था, न.क्षण). उलट क्रमात वेळेचा पट्टा आधी येतो, आणि मग संस्थेची अट इंडेक्समध्ये नेमकी शोधायला वापरता येत नाही, नुसती गाळणी उरते.

हुक्केरीहून : घटप्रभेवर हिडकल धरणापासून धुपदाळ, गोकाक असं खाली येत पाण्याच्या पातळीची केंद्रं ग्राफमध्ये जोडायची आहेत. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय यांवरचीही. दर १५ मिनिटांनी एक माप. वर पाणी वाढलं की खालच्या केंद्रांवर पुढच्या तासांत काय झालं, हे एपीआयवरून विचारता यायला हवं. मापं कुठे आणि वेळ कशी ठेवावी?

उत्तर : ग्राफ डेटाबेसचं खरं काम इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

केंद्र हा नोड. वरच्या केंद्राकडून खालच्याकडे 'पुढे' हे नातं, आणि पाणी पोहोचायला साधारण लागणारा वेळ 'तास' म्हणून त्या नात्यावर. उपनद्यांची केंद्रं आपापल्या संगमाखालच्या पहिल्या केंद्राला जोडा. हा सांगाडा लहान आहे आणि क्वचितच बदलतो.

मापं मात्र प्रत्येक केंद्राला नात्याने लटकवू नका. दर १५ मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५,०४० मापं. एका केंद्राला एवढी नाती जोडली की कालची ९६ मापं काढण्यासाठीही डेटाबेस ती सगळी नाती चालत जातो आणि मग गाळतो. इथं बहुतेकांची गल्लत होते. वेळेचा इंडेक्स फक्त सुरुवातीचा नोड शोधून देतो. एकदा नोड हातात आला की पुढची वाटचाल नात्यांवरून होते, आणि त्या वाटेवर वेळेचा इंडेक्स कामाला येत नाही. आवृत्ती ४.३ पासून नात्यांच्या गुणधर्मांवरही इंडेक्स बांधता येतो, पण तोही शोधाची सुरुवात नात्यापासून करायची असेल तेव्हाच उपयोगाचा.

म्हणून मापाच्या नोडवर केंद्राचा क्रमांक आणि क्षण हे दोन गुणधर्म ठेवा आणि त्यांवर याच क्रमाने जोड-इंडेक्स बांधा. क्वेरी दोन टप्प्यांत जाते. पहिल्या टप्प्यात हिडकलपासून 'पुढे' या नात्यावरून खाली चालत जा, पायऱ्यांना मर्यादा घालून, समजा १ ते ६. मर्यादा नसेल तर एखाद्या चुकीच्या जोडणीमुळे क्वेरी भलतीकडे वाहवत जाते. वाटेतल्या नात्यांवरच्या 'तास' ची बेरीज 'रिड्यूस' ने करा. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक खालच्या केंद्रासाठी, सुरुवातीच्या क्षणात ती बेरीज मिळवून, आगेमागे एकेक तासाचा पट्टा इंडेक्समधून काढा. सहा केंद्रं आणि दोन-दोन तास, म्हणजे उण्यापुऱ्या पन्नासेक मापांत काम भागतं.

मापं केंद्राशी नात्याने जोडायचीच असतील, तर मध्ये 'महिना' नोड घाला. तीस दिवसांच्या महिन्याला २,८८० मापं पडतात, तेवढी चालता येतात. वर्ष, महिना, दिवस आणि तास असा पूर्ण वृक्ष बांधायची पद्धत पूर्वी फार होती. पट्ट्याचे इंडेक्स चांगले चालत असताना तो बांधू नये असंच आमचं मत आहे. प्रत्येक लेखनाआधी चार मर्ज (नोड असेल तर शोधा, नसेल तर बनवा) लागतात, आणि सगळी केंद्रं एकाच वेळी 'आजचा दिवस' या एकाच नोडवर गर्दी करतात.

दोन क्षणांतलं अंतर काढताना एक सापळा आहे. ड्युरेशन.बिट्वीन २६ तासांचं अंतर '१ दिवस आणि २ तास' असं देतं, आणि त्यातून 'अवर्स' मागितले तर २ येतात. एकूण तास हवे असतील, तर ड्युरेशन.इनसेकंड्स घेऊन सेकंदांना ३६०० ने भागा.

मापं दर सेकंदाची होणार असतील, तर ग्राफमध्ये फक्त सांगाडा ठेवा आणि मापं कालक्रमाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये.

बेळगावहून : आमच्या अ‍ॅपमधून काही फोनवरून आलेली वेळ डेटटाइम वाचतच नाही. तेच अ‍ॅप, तीच आवृत्ती, दुसऱ्या फोनवर ठीक चालतं. शिवाय काही यंत्रांच्या नोंदी १९७० च्या येतात.

उत्तर : न चालणाऱ्या फोनची भाषा मराठी आहे का पाहा. अँड्रॉइडवर तारखेचा मजकूर फोनच्या भाषेनुसार बनवला, तर मराठीत अंक देवनागरी येतात. डेटटाइमला इंग्रजी अंकच समजतात. कन्नडचा नेहमीचा साचा इंग्रजी अंकांचा आहे, म्हणून शेजारच्या कन्नड फोनवर तीच चूक दिसत नाही आणि शोधणारा चक्रावतो. मजकूर बनवताना 'लोकेल.रूट' स्पष्ट द्या, किंवा जावाचा ठरलेला आयएसओ साचा वापरा. 'स्ट्रिंग.फॉरमॅट' ने आकडे जोडत असाल तर तिथंही तेच करा. देवनागरी अंक फक्त पडद्यावर दाखवण्यासाठी ठेवा. आधीच मजकूर म्हणून साठलेल्या अशा नोंदी क्रमात सगळ्या इंग्रजी अंकांनंतर जाऊन बसतात. त्या सापडल्या की दहा अंकांचे दहा 'रिप्लेस' करून सुधारता येतात.

१९७० चं कारण घड्याळ. वीज जाऊन आली की ईएसपी३२ सारख्या बोर्डाची वेळ शून्यापासून, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून, सुरू होते आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तशीच चालते. डीएस३२३१ सारखं बॅटरीवरचं घड्याळ जोडा. ते वर्षाला साधारण मिनिटभरच चुकतं. आणि प्रत्येक नोंदीत दोन वेळा ठेवा: यंत्राने सांगितलेली आणि सर्व्हरवर पोहोचलेली. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर नोंद टाकून न देता तिला खूण करा.

संकेश्वरहून : आमचा सर्व्हर फार जुना आहे आणि रेस्टवरून (निओफोरजेच्या जुन्या वेब एपीआयवरून) नोड इंडेक्समध्ये हाताने घालतो. वेळेचा पट्टा विचारला की आकडे मजकुरासारखे लागतात.

उत्तर : तो ल्युसीन या शोधाच्या लायब्ररीवरचा जुना इंडेक्स. रेस्टवरून घातलेला आकडा त्यात मजकूर म्हणून बसतो, म्हणून ९ हा १० च्या नंतर लागतो. तात्पुरता उपाय म्हणजे सगळे आकडे पुढे शून्यं जोडून समान लांबीचे करायचे. मिलिसेकंद ९ सप्टेंबर २००१ पासून २२८६ पर्यंत १३ अंकीच असल्याने बऱ्याच जणांचं काम योगायोगाने चालतं. एखादी जन्मतारीख आली की फसतं. ही पद्धत आणि तो रेस्ट एपीआय आवृत्ती ४.० मध्ये काढून टाकले आहेत. शून्यं जोडत बसण्यापेक्षा स्थलांतराची तयारी करा.

अथणीहून : उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्याच्या नोंदी एपीआय पन्नास-पन्नासच्या पानांनी देतो. सुरुवातीची पानं झटकन येतात, मागची रेंगाळतात, आणि कधी तीच गाडी दोन पानांवर दिसते.

उत्तर : 'स्किप १००००' म्हणजे दहा हजार ओळी काढून फेकून देणं. पान जितकं मागचं, तितकं हे वाया जाणारं काम वाढतं. मध्येच नवी गाडी काट्यावर आली की सगळ्या ओळी एकाने सरकतात, म्हणून तीच गाडी पुन्हा दिसते.

स्किप काढून टाका. प्रत्येक पानाबरोबर शेवटच्या ओळीचा क्षण आणि पावती क्रमांक परत पाठवा, आणि पुढच्या विनंतीत तेच दोन मागा. गळीत हंगामात एकाच सेकंदाला दोन काट्यांवर दोन गाड्या असू शकतात, म्हणून एकटा क्षण पुरत नाही. अट अशी लिहा: न.क्षण <= डेटटाइम($क्षण) अँड (न.क्षण < डेटटाइम($क्षण) ऑर न.पावती < $पावती). पहिला भाग वरवर अनावश्यक वाटतो, पण इंडेक्स लागतो तो त्याच्याच जोरावर. नुसतं ऑर ठेवलं तर योजना पुन्हा चाळणीकडे वळू शकते. क्रम 'ऑर्डर बाय न.क्षण डेस्क, न.पावती डेस्क' आणि 'लिमिट ५०'. पहिल्या पानाला सीमा नसते, तिथं 'न.क्षण इज नॉट नल' एवढं लिहा, म्हणजे तिथंही इंडेक्सचा क्रम वापरता येतो. एपीआयने दिलेला क्षण अ‍ॅपने जसाच्या तसा परत पाठवावा. सेकंदापर्यंत कापून पाठवला, तर त्या सेकंदातल्या काही गाड्या पुढच्या पानावर येतच नाहीत.